कामाच्या जागेत नेमकं काय बदललं की धंद्याचे आकडे हलतात?

पाचर

भिंतींना नवा रंग, कोपऱ्यात सोफा, दोन कुंड्या आणि 'आपण सारे एक कुटुंब' अशी पाटी. कामाचं वातावरण सुधारायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी एवढंच होतं आणि तिमाही संपली की आकडे जिथल्या तिथे. मग वरून निष्कर्ष येतो, "सोयीबियींचा काही उपयोग नसतो, माणसांना शिस्तच हवी."

माझं मत असं की परिस्थिती बदलली की निकाल बदलतात, पण जिथे वेळ किंवा माल वाया जातोय तिथपर्यंत तो बदल पोचला तरच. सोफा तिथपर्यंत पोचत नाही.

चर्चेपुरता एक नमुना धरू. चाळीस-पन्नास माणसं. खाली जुळणी विभाग (छोटे रिले, स्विच असला माल), त्याला लागून तपासणी, वरच्या मजल्यावर ऑफिस. पैसे मोजके. सुरुवात कशापासून करायची? फरक पडला हे कशावरून ठरवायचं? आणि किती दिवस वाट बघायची?

'मनोबल वाढलं' हे उत्तर धरलं जाणार नाही. आकडा सांगा, नाहीतर तो कसा काढायचा ते सांगा.

तिरकस काटा

पगार वाढवा. धागा संपला, कुलूप लावा.

कोष्टक

काटेसाहेब, एवढ्यात कुलूप नको. पगाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फोर्डचं. जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर झाले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच घोषणेत पाळी ९ तासांवरून ८ तासांवर आली, आणि त्या ५ डॉलरमधला साधारण अर्धा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता. तो मिळण्यासाठी सहा महिने नोकरी झालेली हवी, शिवाय घरी येऊन राहणीमान तपासणारे निरीक्षकही होते. म्हणजे ती नुसती पगारवाढ नव्हती, अटींसकट आलेलं पूर्ण पॅकेज होतं.

फायदा कुठून झाला ते जास्त महत्त्वाचं. १९१३ मध्ये नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं, म्हणजे एका जागेवर वर्षात जवळपास चार माणसं. रोजची गैरहजेरी १० टक्क्यांच्या आसपास. १९१४ मध्ये सोडून जाण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांवर आलं, १९१५ मध्ये १६ वर. तिथे गळती भयंकर होती म्हणून पगाराने ती बुजली. तुमच्याकडे माणसं टिकत असतील आणि माल रिवर्कला (पुन्हा दुरुस्त करायला) जात असेल, तर पगार वाढवून रिवर्क कमी होणार नाही.

तेव्हा आधी गळतीचा हिशोब मांडा. समजा नवा माणूस ४० टक्के वेगाने सुरुवात करतो आणि आठ आठवड्यांत पूर्ण वेगावर येतो. त्या काळातला सरासरी वेग ७० टक्के, म्हणजे ३० टक्के गुणिले आठ, जवळपास अडीच आठवड्यांचं उत्पादन बुडालं. त्यात शिकवणाऱ्याचा वेळ, नव्या हातून होणारं जादा रिजेक्शन आणि जागा रिकामी राहिली ते दिवस मिळवा. वर्षात किती जण गेले त्याने गुणा. हा आकडा मोठा आला तर काटेसाहेबांचं बरोबर. छोटा आला तर धागा पुढे चालू.

तिरकस काटा

३७० टक्के? म्हणजे तिथे ओळख करून घेण्यातच दिवस जात असणार.

निळी शाई

पण अमेरिकेतला तो हॉथॉर्न कारखान्याचा प्रयोग विसरू नका. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं. निष्कर्ष असा की उजेड, हवा, खुर्ची हे सगळं गौण, माणसाकडे कुणीतरी लक्ष देतंय ही भावनाच काम करते. मग मोजपट्ट्या कशाला?

मोजपट्टी

नाव घेतलंत म्हणून आलेच.

निळी शाई, तो निष्कर्ष व्यवस्थापनाच्या वर्गात इतक्यांदा सांगितला गेलाय की मूळ नोंदींकडे कुणी वळत नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेडाचे प्रयोग १९२४ ते १९२७ दरम्यान झाले. त्याच्या नोंदी हरवल्या असं बराच काळ मानलं जायचं. त्या सापडल्यावर लेव्हिट आणि लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा आकडेमोड केली (२०११). त्यात दिसलं की उजेडातले बदल रविवारी केले जात आणि परिणाम सोमवारी मोजला जाई. पण सोमवारी उत्पादन तसंही चढं असायचं, उजेड बदललेला असो वा नसो. 'काहीही केलं तरी वाढतं' या दंतकथेतला बराच भाग असा निघाला. लक्ष दिल्याचा परिणाम शून्य होता असं नाही, पण सांगितला जातो तेवढा ठसठशीत नव्हता.

त्यानंतरची रिले जुळणीची खोली (१९२७ पासून) घ्या. पाच जणींना वेगळ्या खोलीत बसवलं, विश्रांतीच्या वेळा बदलल्या, उत्पादन वाढलं. पण त्याच वेळी पैशाचा हिशोबही बदलला होता. आधी जवळपास शंभर जणींच्या एकत्रित उत्पादनावर मोबदला ठरायचा, आता या पाच-सहा जणींच्या. शिवाय १९२८ च्या सुरुवातीला पाचांपैकी दोघींना बदललं, त्या फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून. एकाच वेळी इतकं बदलल्यावर श्रेय कुणाला द्यायचं?

गंमत म्हणजे यावरचा उपाय त्याच कंपनीत, त्याच १९२४ साली तयार होता. वॉल्टर शूहार्टने पहिला नियंत्रण तक्ता तिथल्याच तपासणीच्या कामासाठी मांडला. तो आजही कागद-पेन्सिलवर जमतो. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच.

समजा हजार नगांमागे रिवर्क, दर आठवड्याला: ४२, ३८, ४७, ४०, ४५, ३९, ४४, ४१, ४६, ३८.
सरासरी ४२.
लागोपाठच्या दोन आठवड्यांतले फरक: ४, ९, ७, ५, ६, ५, ३, ५, ८. त्यांची सरासरी ५.८.
तिला २.६६ ने (या तक्त्याचा ठरलेला गुणक) गुणा, १५.४ येतात. सरासरीत ते मिळवले आणि वजा केले की नेहमीच्या चढउताराच्या सीमा मिळतात.
म्हणजे वरची सीमा सुमारे ५७, खालची सुमारे २७.

आता नवे दिवे लावले आणि पुढचे आठवडे ३६, ३४ आले. सुपरवायझर हार घेऊन येईल. त्याला थांबवा. ३६ आणि ३४ सीमेच्या आतच आहेत, काहीही न करताही येऊ शकले असते. एखादा आकडा २७ च्या खाली गेला किंवा सलग आठ आकडे सरासरीच्या खाली राहिले, तर बदल खरा. निदान दहा-बारा आठवड्यांचा आधीचा आकडा नसेल तर बदल करूच नका. आधी मोजायला लागा.

अजून एक. सुधारणा नेहमी सगळ्यात वाईट महिन्यानंतर सुचते. वाईट महिन्यानंतरचा महिना तसाही थोडा बरा असतो. त्याचं श्रेय रंगाला जातं.

कोष्टक

+१. आणि दोन बदल एका आठवड्यात नकोत. दिवे आणि बोनस एकदम आले तर तक्ता वाढ दाखवेल, कारण नाही दाखवणार.

हातोडी

उजेडाबद्दल लिहितो, कारण जुळणी आणि तपासणीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर दिसणारा बदल तोच. आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचा केला जाणाराही तोच.

युरोपातल्या मानकात साधारण असं आहे: मध्यम जुळणीला ३०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), बारीक जुळणीला ५००, अतिबारीक कामाला ७५०, गुणवत्ता तपासणीला १०००. ऑफिसात लिहिण्या-वाचण्याला ५००. लक्स मीटर घ्या आणि मोजा. पण मोजायचं कसं? मीटर छताकडे धरून खोलीच्या मध्यात उभं राहणं याला मोजणं म्हणत नाहीत. जिथे बोटं काम करतात तिथे मीटर आडवा ठेवायचा, कामगाराला त्याच्या नेहमीच्या जागी बसवायचं आणि मग वाचायचं. डोकं आणि खांदा मध्ये आला की छतावरच्या दिव्याचा आकडा ढासळतो.

आकडा कमी आला तर नवे दिवे घेण्याआधी जुने पुसा. धूळ आणि तेलकट थर बराच उजेड खातात. मग छत आणि भिंतीचा वरचा भाग पांढरा करा (हो, रंग! पण या कारणासाठी). तरी कमी पडलं तर बेंचवर हलता दिवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला डावीकडून, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्याला उलट.

आता काय बिघडतं ते. एक, सगळीकडचा उजेड दुप्पट केला की चकचकीत पत्र्यावर आणि लॅमिनेटवर चकाकी येते, आणि दोष पूर्वीपेक्षा कमी दिसतात. ओरखडा शोधायचा असेल तर जास्त नाही, आडवा उजेड लागतो. दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवला की ओरखड्याची कड सावली टाकते. दोन, स्वस्त एलईडी लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही पण डोकं दुखतं, आणि फिरता भाग थांबल्यासारखा किंवा हळू फिरतोय असा भास होतो, तो धोका वेगळाच. तीन, वायरींचे रंग ओळखायचे असतील तर दिव्याचा रंगदर्शक अंक (सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ८० च्या खाली नको. तपकिरी आणि लाल वायर एकसारख्या दिसल्या तर दोष कामगाराचा नाही.

परिणाम दिसायला आठवडे पुरतात. फक्त तपासणीकडचा उजेड सुधारला तर रिजेक्शन आधी वाढेल, कारण पूर्वी निसटणारे दोष आता सापडतील. तेव्हा घाबरून दिवे काढू नका. ग्राहकाकडून परत येणारा माल हा आकडा शेजारी ठेवा, तो खाली यायला हवा.

निळी शाई

@मोजपट्टी, सोमवारची गोष्ट माहीत नव्हती. तरी माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. माणसाला विचारल्याशिवाय दिवा लावला तर तो दिवा त्याचा शत्रू होतो.

खडूस परीक्षक

उजेडावर एवढं लिहिलंत, उष्णतेवर कुणीच नाही. गरम शेडमध्ये बाकी सगळं नंतर.

तापमापी पुरत नाही. डब्ल्यूबीजीटी हा निर्देशांक लागतो. छताखाली तो असा: ०.७ गुणिले नैसर्गिक ओल्या बल्बचं (ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापीचं) तापमान अधिक ०.३ गुणिले काळ्या गोलातल्या तापमापीचं. हातात धरायचं यंत्र मिळतं. दमट हवेत ३२ अंशही कोरड्या ३८ पेक्षा वाईट ठरू शकतात, कारण घाम वाळत नाही.

क्रम असा ठेवा. आधी उष्णता आत येणं थांबवा: छतावर परावर्तक लेप, भट्टी किंवा ओव्हनला लॅगिंग (उष्णतारोधक आवरण), मध्ये चकचकीत पत्र्याचा आडोसा. मग गरम हवा वरून बाहेर काढा आणि तेवढीच खालून आत येऊ द्या. एक्झॉस्ट पंखे लावतात आणि हवा आत यायला वाटच ठेवत नाहीत. मग दार उघडायला जोर लागतो आणि पंखा नुसता गरगरतो. अंगावरचे पंखे शेवटी. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की पंखा घाम वाळवतो तेवढाच फायदा, उष्णता मात्र अंगाकडेच ढकलतो.

पाणी दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, तहानेची वाट न बघता. म्हणजे पाणी बेंचजवळ हवं, शेडच्या दुसऱ्या टोकाला नको. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत फक्त २० टक्के वेळ, मग रोज २० टक्के वाढवत न्यायचं. सुट्टीवरून आलेल्या जुन्याला ५०, ६०, ८०, १००. हे न करता पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी दिली की चक्कर येते, आणि मग "नवीन पोरं नाजूक" असा शेरा.

हातोडींनी एलईडीला नावं ठेवली म्हणून सांगतो. बंगळूरच्या कपडे कारखान्यांत ट्यूब काढून एलईडी लावले तेव्हा गरम दिवसांतली कार्यक्षमता वाढल्याचं अभ्यासात दिसलं. उजेडामुळे नव्हे, दिव्याची उष्णता कमी झाल्यामुळे. वीज वाचवायला लावले आणि फायदा उत्पादनात दिसला.

हातोडी

नावं एलईडीला नाही, त्याला वीज पुरवणाऱ्या स्वस्त ड्रायव्हर सर्किटला ठेवली. बाकी सहमत.

रातपाळी

वेळेचा मुद्दा राहिला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांचे तास आणि उत्पादन नोंदवून ठेवले होते. जॉन पेन्कॅव्हल यांनी २०१४ मध्ये ते पुन्हा तपासले. आठवड्याला ४९ तासांपर्यंत तास वाढले की उत्पादन त्याच प्रमाणात वाढतं. पुढे वाढ मंदावते. ७० तासांचं उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं वेगळं निघालं नाही. चौदा तास नुसते दिवे जळले.

ओव्हरटाइमचा हिशोब पाळीच्या आकड्यावर करू नका. तासागणिक चांगले नग मोजा, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला तासही त्यात धरा. ओव्हरटाइमचा तोटा तिथे लपतो.

पाळ्या फिरवायच्या तर पुढच्या दिशेने: सकाळ, दुपार, रात्र. उलट फिरवलं की शरीराला लवकर झोपावं लागतं, ते जमत नाही. दोन पाळ्यांमध्ये निदान ११ तास. आणि पाळी बदलताना १० मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र हव्यात. यंत्र कशावर सेट आहे, कुठला लॉट अर्धा आहे, काय कुरकुरतंय, एवढं मशीनशेजारी उभं राहून सांगायचं. ती १० मिनिटं वाचवली की नव्या पाळीचा पहिला अर्धा तास शोधाशोधीत जातो.

विश्रांती थकल्यावर नाही, थकण्याआधी. तपासणीच्या कामात तर अर्ध्या तासानंतर लक्ष उतरायला लागतं. तिथे लांब सुट्टीपेक्षा जागांची अदलाबदल बरी: अर्धा तास तपासणी, मग पॅकिंग, मग परत.

तिरकस काटा

आणि जिथे मीटिंग हीच विश्रांती आहे, त्या वरच्या मजल्याचं काय?

सावली

वरच्या मजल्यावर येते. :)

मीटिंगची खोली हेच पहिलं मोजायचं. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर टेबलावर ठेवा, कुणाच्या तोंडापासून मीटरभर लांब. बाहेरची हवा साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०). दार लावून आठ जण तासभर बसले की छोट्या खोलीत १५००-२००० सहज होतात. १००० हा विषारीपणाचा आकडा नव्हे, हवा बदलत नाहीये याची खूण. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरून चला. इथे नेहमीचा गोंधळ असा की एसी म्हणजे हवा बदलणं असं वाटतं. भिंतीवरचा स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत देतो. खिडकीची फट किंवा ताजी हवा आत घेणारा पंखा वेगळा लागतो.

दुसरं, आवाज. ऑफिसात डेसिबल हा प्रश्न नसतो, समजणारं बोलणं हा असतो. शेजारचा फोनवर काय बोलतोय ते शब्द न् शब्द कळलं की डोकं आपोआप तिकडे जातं. त्यामुळे सगळीकडे गालिचा टाकण्यापेक्षा फोनवर बोलणारे आणि हिशोब करणारे वेगळे बसवा, मध्ये बसल्यावर डोक्याच्या वर जाईल असा आवाज शोषणारा पडदा, छताला शोषक पाट्या.

तिसरं, भिंती पाडून 'संवाद वाढवणं'. बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांत अंगावर सेन्सर लावून मोजलं. मोकळ्या मांडणीनंतर समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. माणसं हेडफोन लावून भिंत स्वतःच बांधतात.

आणि जमत असेल तर वरच्या काहींना घरून काम द्या. चीनच्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये ९ महिने प्रयोग झाला, कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

कोष्टक

@सावली, १३ टक्के फोडून बघा. ९ टक्के जास्त मिनिटं काम झाल्यामुळे (सुट्ट्या, मधल्या फेऱ्या कमी) आणि फक्त ४ टक्के दर मिनिटाला जास्त कॉल झाल्यामुळे. दुसरं, सहभागी सगळे स्वतःहून आलेले होते. घरून कोण आणि ऑफिसात कोण हे जन्मतारीख सम की विषम यावर ठरवलं, ती पद्धत चोख. पण नंतर मोकळी निवड दिली तर निम्म्याहून अधिक जणांनी जागा बदलली. एकटेपणा हे मोठं कारण. आणि कॉल मोजता येतात. खरेदी विभागातल्या माणसाचं काय मोजणार?

सावली

मान्य, पण तो निकाल पूर्ण सांगा ना. मोकळ्या निवडीनंतर फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला. म्हणजे घर की ऑफिस यापेक्षा कुणाला काय मानवतं ते त्याला ठरवू देणं जास्त फळलं. निळी शाई यांचा मुद्दा मागच्या दाराने परत आलाच.

खरेदीत पुरवठादाराला उत्तर द्यायला लागलेले तास आणि चुकीच्या ऑर्डरी मोजता येतात.

निळी शाई

:) नोंद घेतली जावी.

गुंडाळी

सगळे उपाय सांगतायत, पण धागाकर्त्यांचा पहिला प्रश्न होता सुरुवात कुठून. तर सुरुवात बघण्यापासून.

कामाचं नमुना-निरीक्षण करा. दिवसातल्या वेळा चिठ्ठ्या टाकून ठरवा (ठरावीक वेळी गेलात तर सगळे कामात दिसतील). त्या वेळी फेरी मारायची आणि प्रत्येक बेंचवर त्या क्षणाला काय चाललंय त्याची एक खूण: काम, मालाची वाट, शोधाशोध, चालणं, दुरुस्ती, यंत्र बंद, इतर. माणसाचं नाव लिहायचं नाही, आणि हे आधी सगळ्यांना सांगायचं. ४०० खुणा झाल्या की पुरे. शोधाशोध २० टक्के आली तर चूक अधिक-उणे ४ टक्क्यांची. बारा बेंच असतील तर चौतीस फेऱ्या, दोन आठवड्यांचं काम.

मग ज्या रकान्यात सर्वात जास्त खुणा तिकडे पैसे.

शोधाशोध आणि चालणं जास्त आलं तर बेंच बदला. बारीक काम कोपराच्या ५ ते १० सेंमी वर, हलकी जुळणी कोपराच्या ५ ते १० सेंमी खाली, जोर लावायचं काम आणखी खाली. सगळ्यांना एकच उंची देणं ही नेहमीची चूक; उंच माणूस वाकतो, बुटका खांदे उचलतो. पायाखाली फळी किंवा बेंचच्या पायांना खाली-वर होणारे बूट, दोन्ही स्वस्त. सारखे लागणारे भाग कोपर न उचलता हात पोचेल एवढ्या अंतरात, पुढे झुकलेल्या ट्रेमध्ये. क्वचित लागणारे पूर्ण हात लांबवून. त्यापलीकडे काहीच नको. उचलण्याचं वजन २३ किलो ही अगदी आदर्श स्थितीतली कमाल आहे: अंगालगत, कमरेच्या उंचीवर, न वळता, क्वचित. जमिनीवरून वळून उचलायचं असेल तर ती मर्यादा झपाट्याने उतरते. त्यामुळे जड खोकी जमिनीवर ठेवणं बंद करा, कमरेइतक्या रॅकवर ठेवा.

५एस (कामाची जागा आवरून लावण्याची जपानी पद्धत) बद्दल एकच: पट्ट्या आणि लेबलं ही शेवटची पायरी. पहिली पायरी नको ते बाहेर काढणं. बहुतेक ठिकाणी ती वगळून भंगाराच्या कपाटाला सुंदर लेबल लावतात.

तिरकस काटा

त्या कपाटावर 'भंगार' असं लिहिलं तरी ५एस झालं म्हणायचं.

रातपाळी

@गुंडाळी, खुणांमध्ये 'वाट बघणं' जास्त आलं तर तो बेंचचा दोष नसतो. स्टोअरमधून माल सोडायच्या वेळा बघा. दिवसातून एकदा मोठा ढीग सोडण्यापेक्षा दर दोन तासांनी छोटी खेप.

हातोडी

आता निळी शाई यांच्या बाजूने थोडं. माणसांना विचारायचंच, पण "तुम्हाला कुठल्या सोयी हव्यात?" असं विचारलं की यादी येते, आणि यादी पुरी झाली नाही की राग. विचारायचं असं: "काल हात कशामुळे थांबला?" याचं उत्तर नेमकं येतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक घासलंय, ट्रे खोल आहे, शेवटचे भाग निघत नाहीत, एअरगनचा पाइप आखूड आहे. यातल्या दोन-तीन गोष्टी त्याच आठवड्यात करून टाकायच्या. तरच पुढच्या वेळी कुणी तोंड उघडेल.

मोजपट्टी

आणि सुधारणा झाल्या झाल्या टार्गेट वाढवायचं नाही. हॉथॉर्नचीच दुसरी खोली बघा, बँक वायरिंग (टेलिफोन स्विचच्या तारा जोडण्याचं काम), १९३१-३२. चौदा जण. दिवसाला किती करायचं ते त्यांनी आपसात ठरवून ठेवलं होतं, आणि जास्त करणाऱ्याला बाकीचे आवरायचे. भीती ही की जास्त करून दाखवलं की दर कापतील किंवा माणसं कमी करतील. नवा बेंच देऊन महिनाभरात कोटा वाढवलात तर पुढचे सगळे बदल याच भिंतीवर आपटतील. वाचलेला वेळ कुठे जाणार ते बदलाआधीच लेखी सांगा: ओव्हरटाइम कमी होणार, दुसरं काम शिकवणार, की इन्सेंटिव्हमध्ये येणार. आणि माणूस कमी करणार नाही हे सांगता येत नसेल तर निदान खोटं सांगू नका.

खडूस परीक्षक

अवांतर होईल, पण सुरक्षितता कुणी काढली नाही म्हणून. १९८७ मध्ये पॉल ओ'नील अल्कोआ या अमेरिकी अॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. ऐकणारे चक्रावले. पण अपघात का झाला हे शोधायला गेलं की प्रक्रिया कुठे ढिली आहे तेच सापडतं, आणि मालही तिथेच खराब होत असतो.

'शून्य अपघात झाले तर बक्षीस' मात्र देऊ नका. अपघात कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात. थोडक्यात वाचलेल्या घटनांची नोंद सुरू केली की पहिले काही महिने आकडा चढेल. तो चढायलाच हवा.

कोष्टक

हे अवांतर नाही. गैरहजेरीत पाठदुखी आणि कापलेली बोटं किती, ते वेगळं काढा. गुंडाळींच्या रॅकचे पैसे तिथून निघतील.

पाचर

भरपूर मिळालं, धन्यवाद. आता नमुन्यात थोडे आकडे भरतो. बारा बेंच. रिवर्क मोजपट्टी यांच्या उदाहरणाएवढंच, हजारी ४२ च्या आसपास. बेंचवर उजेड २२०-२६० लक्स. माणसांची गळती किरकोळ. जुळणीत आवाज ८६ डेसिबल, कंप्रेसर शेडच्या कोपऱ्यात. निरीक्षणात 'शोधाशोध + चालणं' २३ टक्के, 'वाट' ९. पैसे एकाच मोठ्या कामापुरते. तीन पर्याय समोर आहेत: बेंच, दिवे, कंप्रेसर बाहेर नेणं. कुठलं आधी?

गुंडाळी

बेंच आधी. २३ टक्के समोर दिसतायत. पण सगळे बारा नकोत. चार बदला, आठ तसेच ठेवा, दोन्हींचा तक्ता वेगळा. म्हणजे मोजपट्टीही खूश, आणि उरलेल्या पैशात दिवे बसतील.

हातोडी

दिव्यांना 'मोठं काम' धरूच नका. २२० लक्स आधी पुसून बघा. पण बेंचनंतर सहा-आठ आठवड्यांनी, एकदम नाही.

मोजपट्टी

चार बेंच कुठले ते चिठ्ठीने ठरवा. सुपरवायझरला निवडू दिलंत तर तो सगळ्यात चांगले चार जण निवडेल. आणि माणसं बेंच बदलत असतील तर तक्ता बेंचचा ठेवायचा, माणसाचा नाही. वाट किती बघायची म्हणाल तर शोधाशोधीचा फरक पुढच्या ४०० खुणांत दिसेल, रिवर्कचा आठ आठवड्यांत, गैरहजेरी आणि गळतीचा सहा महिन्यांच्या आत बोलूच नका.

खडूस परीक्षक

८६ डेसिबल मात्र रांगेत उभं करता येणार नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार सुरक्षा-आरोग्य संस्थेची शिफारस ८ तासांना ८५ ची आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चारच तास. पण कंप्रेसर हलवण्याआधी तो बंद ठेवून मोजा. बऱ्याचदा खरा आवाज बेंचवरच्या एअरगनचा असतो. आजूबाजूची हवा ओढून घेणारं शांत नोझल लावा, दाब कमी करा. ते कंप्रेसर हलवण्याच्या मानाने नगण्य खर्चाचं आहे.

पाचर

आणि तरी हलवावाच लागला तर?

खडूस परीक्षक

तर सावलीत आणि हवेशीर जागी. गरम हवा ओढली की वीज जास्त खातो, आणि चारी बाजूंनी खोकं बांधलंत तर स्वतःचीच गरम हवा परत घेऊन ट्रिप होईल. पायाखाली रबरी पॅड, पाइपला जोडताना लवचिक तुकडा, नाहीतर कंप पाइपातून परत शेडमध्ये येतो. मुख्य पाइपला हवेच्या दिशेने दर मीटरला एक सेंमी उतार, शेवटी पाणी काढायचा कॉक, आणि बेंचकडे जाणारी शाखा पाइपच्या वरच्या बाजूने काढायची म्हणजे पाणी बेंचवर उतरत नाही.

हलवायच्या आधी एक काम: जेवणाच्या सुट्टीत सगळी साधनं बंद, कंप्रेसर चालू. लोडवर (हवा दाबताना) किती सेकंद आणि अनलोडवर (नुसता फिरताना) किती, ते दहा वेळा लिहा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज गुणिले १००, ही हवेच्या गळतीची टक्केवारी. दुर्लक्षित लाइनीत २०-३० टक्के सर्रास निघते. फिटिंगवर साबणाचं पाणी लावून गळत्या बंद केल्या की कंप्रेसर मुळात कमी वेळ चालेल. मग आवाज पुन्हा मोजा आणि ठरवा.

तिरकस काटा

म्हणजे सोफ्याचा विषय निकालात निघाला तर. मी उगाच बसून वाचत होतो.